शोभेच्या रोपांचं टिश्यू कल्चर: नागपूरच्या हवेत आधी महिना ठरवा, मग माध्यम

टिश्यू कल्चर म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत, पोषक जेलीवर (माध्यमावर) रोपं वाढवणं. ते सुरू करणारे बहुतेक जण माध्यमातल्या हार्मोनच्या प्रमाणात अडकतात. एक मिलिग्रॅम की दोन, यावर तास घालवतात. रोपं मात्र दोन टोकांना मरतात. सुरुवातीला मदर प्लांटवरून (ज्या मूळ झाडापासून रोपं करायची त्यावरून) काढलेला डोळा, म्हणजे पेरावरची कोंबाची कळी, बाटलीत सडतो, नाहीतर शेवटी बाटलीतून बाहेर काढलेलं रोप आठवड्यात माना टाकतं. मधला भाग त्या मानाने सोपा आहे.

नागपुरात याला हवामानाची भर पडते. पावसाळ्यात नर्सरीतली झाडं टवटवीत दिसतात म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये डोळे काढले जातात. नेमकी तेव्हाच झाडावर आणि हवेत बुरशी सर्वात जास्त असते. पहिली लॉट सडते, दुसरी लावेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो आणि रोपं हार्डनिंगला, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावायला, तयार होतात ती एप्रिलच्या तोंडावर. मग कितीही शेडनेट लावा, ती जगत नाहीत.

इथे उदाहरणाला सिंगोनियम ही शोभेच्या पानांची वेल घेतली आहे. मदर प्लांट स्वस्तात मिळतो, डोळे भरपूर असतात आणि कापल्यावर तुकडा फारसा काळा पडत नाही. हाच क्रम फिलोडेन्ड्रॉन आणि स्पॅथिफायलमलाही लागू पडतो, प्रमाणं थोडी बदलतात. जरबेरा, अँथुरियम आणि ऑर्किडमध्ये तुकडा घेण्याची जागाच वेगळी असते, त्यामुळे पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका.

१. वेळापत्रक उलटं मोजा

बाटलीतून रोप बाहेर काढायचा दिवस आधी पक्का करा: १ जुलैच्या आसपास. मृग लागून पाऊस स्थिरावलेला असतो, हवेत ओल असते आणि पारा उतरलेला असतो. तिथून मागे या.

- बाटलीतच सवय लावणं: १ आठवडा
- मुळं आणणं: ४ आठवडे
- वाढीच्या फेऱ्या (फुटवे, म्हणजे नवे कोंब, तोडून नव्या बाटल्यांत लावणं): ४ फेऱ्या, प्रत्येकी ४ आठवडे
- पहिली लावणी: ५ आठवडे
- मदर प्लांटची तयारी: ६ आठवडे

हिशेब येतो तो असा: मदर प्लांट नोव्हेंबरच्या मध्याला आत आणायचा, डोळे डिसेंबरच्या अखेरीस काढायचे. कोरडी, थंड हवा असल्याने तेव्हा झाडावर बुरशी आणि जिवाणू कमी असतात. वाढीच्या फेऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे एसी खोलीत होतात.

आकड्यांचा अंदाजही आताच घ्या. २० डोळे लावले आणि १० स्वच्छ निघाले, दर फेरीला तिप्पट झाले, तर चार फेऱ्यांनंतर ८१० फुटवे होतात. मुळं आणि हार्डनिंगमधली घट धरून विक्रीची रोपं त्याहून कमीच धरा. त्यामुळे सुरुवातीला शंभर डोळे लावायची गरज नसते. वीसच लावा, पण नीट लावा.

> तपासा: १ जुलैला पॉलिटनेल (पॉलिथिनचा बोगदा) आणि प्रो-ट्रे (रोपांचे खणांचे ट्रे) तयार असतील का? नसतील तर डोळे काढूच नका.

२. जागा: कूलर नको

विदर्भातली सर्वात महाग चूक हीच. ग्रोथ रूमला, म्हणजे बाटल्या ठेवायच्या खोलीला, एसीऐवजी कूलर लावला जातो. कूलर बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून किंवा लाकडी भुशाच्या ताटीतून आत ढकलतो, आणि त्या ताटीत बुरशी आणि शेवाळ वाढत असतं. दोन आठवड्यांत रॅकवरच्या बाटल्यांच्या झाकणांखाली काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात. कूलर शेजारच्या खोलीत असेल आणि दार उघडं राहत असेल, तरी परिणाम तोच.

खोली लहान घ्या, दहा बाय आठ फूट पुरे. खिडकी बंद करून कडा सील करा. तापमान २५ अंश सेल्सिअस, दोन अंश इकडेतिकडे. उजेड १६ तास, अंधार ८ तास, टायमर लावून. साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब चालतात. बाटलीच्या उंचीवर २००० ते ३००० लक्स मिळाले पाहिजेत. तापमापी भिंतीवर न लावता वरच्या रॅकवर, बाटल्यांमध्ये ठेवा. तिथे खालच्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त भरतात.

वीज जाण्याची सोय हवीच. इन्व्हर्टरवर फक्त ट्यूब चालू ठेवणं घातक, कारण एसी बंद आणि ट्यूब चालू म्हणजे खोली तापत जाते. एसी बंद पडला की ट्यूबही बंद पडतील अशी वायरिंग करून घ्या. पाच-सहा तासांच्या अंधाराने फुटवे मरत नाहीत. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वात तापलेल्या दिवसांत, बंद खोली तापली तर मात्र मरतात. शिवाय तापमान वरखाली झालं की बाटलीतली हवा प्रसरण पावते आणि आकुंचन पावते. आकुंचन पावताना ती झाकणाच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढते, आणि तिच्यासोबत बुरशीचे बीजाणूही.

बाकीचं सामान: लॅमिनार एअर फ्लो (गाळलेली हवा सोडणारं कामाचं टेबल), ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं भांडं), एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, पीएच मीटर, स्काल्पेल, लांब चिमटे, स्पिरिटचा दिवा. बाटल्या म्हणून काचेच्या जॅमच्या ३०० ते ४०० मिलीच्या बाटल्या उत्तम. इतवारीच्या बाजारात ठोक भावात मिळतात, पण झाकण ऑटोक्लेव्हमध्ये टिकणारं पॉलिप्रॉपिलीनचंच घ्या. पत्र्याची झाकणं दोन-तीन वेळा उकळली की गंजतात आणि सैल होतात.

छोट्या प्रमाणात ऑटोक्लेव्हऐवजी मोठा प्रेशर कुकर चालतो. शिट्टीचं वजन साधारण १५ पीएसआय दाबाचंच असतं. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून २५ मिनिटं.

३. मदर प्लांट: सहा आठवडे

हा टप्पा लोक गाळतात, आणि पुढे निर्जंतुक करताना कितीही क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइट) वापरलं तरी ती कसर भरून निघत नाही. बाहेर वाढलेल्या झाडाच्या सालीवरची घाण धुऊन जाते, पण पेशींच्या आत शिरलेले जिवाणू धुतले जात नाहीत.

1. निरोगी, जातीशी जुळणारी चार-पाच झाडं निवडा. पानांवर पिवळी नक्षी, सुरकुत्या किंवा वाकडी वाढ असलेलं झाड नको. विषाणू असेल तर डोळ्यातून तो सगळ्या रोपांत जातो.
2. झाडं नव्या, धुतलेल्या कोकोपीटमध्ये बदला. शेणखत, गांडूळखत बंद. त्यातले जिवाणू पाण्याच्या शिंतोड्यांसोबत खोडावर चढतात.
3. झाडं छताखाली, उजेडाच्या जागी ठेवा. डिसेंबरात नागपूरची रात्र १० अंशांपर्यंत उतरते आणि सिंगोनियमची वाढ थबकते, म्हणून रात्री बंद खोलीत.
4. पाणी फक्त मुळाशी. पानांवर, खोडावर फवारा अजिबात नको. खालची औषधाची फवारणी सोडली तर संपूर्ण सहा आठवडे खोड कोरडं राहिलं पाहिजे.
5. दर दहा दिवसांनी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, एका लिटरला १ ग्रॅम, फवारा. फवारणी सकाळी करा, म्हणजे खोड लगेच वाळतं. शेवटची फवारणी डोळे काढण्याच्या तीन दिवस आधी.

ठिपक्यांची किंवा पांढऱ्या-गुलाबी पानांची जात घेतली असेल तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. हे रंग बहुधा खोडाच्या वेगवेगळ्या थरांतल्या वेगवेगळ्या पेशींमुळे येतात. पानाच्या किंवा देठाच्या तुकड्यातून नवी फूट काढली तर ती पूर्ण हिरवी किंवा पूर्ण पांढरी निघू शकते. रंग टिकवायचा तर पेरावरचा तयार डोळाच घ्या. नव्या जातींपैकी काहींवर पैदासकाराचे हक्क नोंदलेले असतात; २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याखाली अशी जात विक्रीसाठी वाढवायला परवानगी लागते. विकत घेतानाच विचारा.

४. माध्यम

तयार एमएस पावडर, म्हणजे झाडाला लागणाऱ्या क्षारांचं मिश्रण, वापरा. एकेक क्षार मोजून बनवण्यात नवख्या माणसाचा काहीच फायदा नाही. पाणी डिस्टिल्ड हवं, टीडीएस (विरघळलेले क्षार) १० च्या खाली. बोअरचं पाणी आरओतून काढलं तरी टीडीएस बरेचदा ५० च्या वर राहतो, म्हणून मीटरने मोजल्याशिवाय वापरू नका.

बीएपी या फुटवे आणणाऱ्या हार्मोनचं साठवणीचं द्रावण: १०० मिलिग्रॅम बीएपी सोडियम हायड्रॉक्साइडच्या काही थेंबांत विरघळवून पाण्याने १०० मिली करा. म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम. फ्रिजमध्ये, तारीख लिहून ठेवा. एनएए आणि आयबीए या मुळं आणणाऱ्या हार्मोनची द्रावणंही अशीच.

एका लिटरसाठी:

| घटक | पहिली लावणी | वाढीची फेरी | मुळं |
|---|---|---|---|
| एमएस पावडर (व्हिटॅमिनसह) | ४.४ ग्रॅम | ४.४ ग्रॅम | २.२ ग्रॅम |
| साखर | ३० ग्रॅम | ३० ग्रॅम | २० ग्रॅम |
| बीएपी द्रावण | १ मिली | २ मिली | नाही |
| एनएए द्रावण | नाही | ०.१ मिली | नाही |
| आयबीए द्रावण | नाही | नाही | १ मिली |
| अगार | ७.५ ग्रॅम | ७.५ ग्रॅम | ७ ग्रॅम |

किराणा दुकानातली स्वच्छ पांढरी साखर चालते. अगार (माध्यम गोठवणारी पावडर) मात्र प्रयोगशाळेच्या दर्जाची घ्या. चायना ग्रासच्या पट्ट्यांचा घट्टपणा दर पाकिटाला बदलतो.

क्रम असा: ८०० मिली पाणी, त्यात पावडर, साखर, हार्मोन. पाण्याने ९५० मिलीपर्यंत आणा. पीएच ५.८ करा, मग एक लिटर पूर्ण करा, त्यानंतर अगार घालून पारदर्शक होईपर्यंत तापवा. अगार घातल्यावर पीएच मोजत बसलात तर मीटरची काच चिकटते आणि आकडा चुकतो. पीएच ५ च्या खाली गेला तर माध्यम गोठत नाही. ६ च्या वर गेला तर नको तितकं कडक होतं.

बाटलीत ३० मिली ओता, एका लिटरात ३०-३२ बाटल्या होतात. १२१ अंश, १५ पीएसआय, २० मिनिटं. वेळ दाब पूर्ण चढल्यावर मोजा. जास्त वेळ ठेवलं तर साखर तपकिरी होते आणि पीएच घसरतो.

> तपासा: तयार बाटल्या चार दिवस तशाच ठेवा. रिकाम्या बाटलीत काही उगवलं तर दोष ऑटोक्लेव्हचा किंवा झाकणाचा. त्या लॉटमध्ये डोळे लावू नका.

५. डोळे काढणं आणि निर्जंतुक करणं

सिंगोनियमच्या पेरावर देठाचा तळ खोडाला पदरासारखा गुंडाळलेला असतो. डोळा त्या पदराच्या आत, ज्वारीच्या दाण्याहून लहान, पांढरट-हिरवा. पदर आणि खोड यांच्या मधल्या फटीत मातीचे कण आणि पाणी अडकून राहतं. पदर न सोलता तुकडा क्लोरीनमध्ये टाकला तर द्रावण त्या फटीत पोचतच नाही, आणि आठव्या दिवशी बुरशी नेमकी डोळ्याच्या कडेनेच वर येते. म्हणून प्रत्येक पेराचा पदर नखाने किंवा ब्लेडच्या बोथट बाजूने पूर्ण सोला. पेरावरची हवाई मुळं खोडालगत कापा. तीही घाण धरतात.

1. शेंडा आणि तळाची जून पेरं सोडून मधली पेरं घ्या. एक डोळा असलेले ३ सेंमीचे तुकडे करा. जास्तीची लांबी शेवटी कापायची आहे.
2. वाहत्या नळाखाली ३० मिनिटं.
3. भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाकलेल्या पाण्यात १० मिनिटं हलवा, मग फेस जाईपर्यंत धुवा.
4. कार्बेन्डाझिम, लिटरला १ ग्रॅम, ३० मिनिटं. पुन्हा धुवा.
5. इथून पुढे लॅमिनारमध्ये. ७० टक्के अल्कोहोल, ३० सेकंद. ९५ टक्क्यांचं अल्कोहोल असेल तर ७४ मिलीला पाणी घालून १०० मिली करा.
6. सोडियम हायपोक्लोराइट, १ टक्का, १२ मिनिटं. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर ५० मिलीत १५० मिली पाणी. त्यात ट्वीन-२० (द्रावण नीट पसरवणारा साबणासारखा पदार्थ) याचे चार थेंब. पूर्ण वेळ हलवत राहा.
7. निर्जंतुक पाण्याने चार वेळा, प्रत्येक वेळी तीन मिनिटं.

हायपोक्लोराइट उन्हाळ्यात ठेवून ठेवून कमजोर होतं. एप्रिलमध्ये आणलेली बाटली डिसेंबरात वापरू नका, ताजी आणा.

> सावधान: हायपोक्लोराइटमध्ये ॲसिड, टॉयलेट क्लीनर किंवा अल्कोहोल मिसळू नका, विषारी वायू तयार होतात. जुन्या पद्धतीत मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते पाऱ्याचं विष आहे आणि वापरलेलं द्रावण मोरीत सोडता येत नाही. घरगुती किंवा छोट्या प्रयोगशाळेत त्याची गरज नाही.

६. लॅमिनारमधली लावणी

यूव्ही दिवा ३० मिनिटं, मग तो बंद करून पंखा १५ मिनिटं, मग काम. यूव्ही चालू असताना हात घालू नका.

क्लोरीनने पांढरी पडलेली दोन्ही टोकं कापून १ ते १.५ सेंमीचा तुकडा ठेवा. डोळा वर, कापलेला तळ माध्यमात तीन-चार मिलिमीटर. डोळा माध्यमात बुडला तर गुदमरतो. एका बाटलीत एकच तुकडा, म्हणजे एक बिघडला तरी शेजारचा वाचतो.

प्रत्येक तुकड्याला वेगळं, तापवून थंड केलेलं स्काल्पेल. दोन-तीन जोड्या आलटून पालटून वापरल्या की थंड होण्याची वाट पाहावी लागत नाही. उघड्या बाटलीवरून हात नेऊ नका, बोलू नका. हातांवर स्पिरिट मारल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत दिव्याजवळ हात न्यायचा नाही. प्रयोगशाळेत भाजण्याचं नेहमीचं कारण हेच.

७. बिघडलेली बाटली काय सांगते

पहिले पंधरा दिवस रोज बाटल्या पाहा. बाटली फेकण्याआधी बुरशी कुठे उगवली ते लिहून ठेवा.

तुकड्याच्या तळाशी दुधाळ, तेलकट वलय दोन-चार दिवसांत आलं, तर जिवाणू झाडावरून आले. क्लोरीनची वेळ दोन मिनिटांनी वाढवा, पण आधी मदर प्लांटची तयारी तपासा. तुकड्यापासून लांब, माध्यमाच्या मोकळ्या भागावर कापसासारखा ठिपका आला, तर तो लॅमिनारमध्ये हवेतून किंवा हातातून पडला. एकाच दिवशी लावलेल्या सगळ्या बाटल्या गढूळ झाल्या, तर माध्यम. रॅकच्या एकाच ओळीतल्या बाटल्या पाठोपाठ बिघडत गेल्या, तर मुंग्या किंवा माइट (बारीक कोळीकीड) शोधा. त्या बुरशी अंगावर वाहून नेतात.

जिवाणू कधीकधी दोन-तीन फेऱ्यांनंतरच दिसतात, कारण ते पेशींच्या आत दडलेले असतात. अशा बाटलीतला निरोगी दिसणारा फुटवा वाचवायचा मोह आवरा. तो पुढच्या सगळ्या लॉटमध्ये जिवाणू नेतो.

बिघडलेली बाटली झाकण न उघडता आधी ऑटोक्लेव्ह करा, मगच धुवा.

माध्यम तपकिरी झालं तर कापलेल्या जागेतून फिनॉल, म्हणजे हवेत काळवंडणारी झाडातली द्रव्यं, झिरपतात. सिंगोनियममध्ये ते कमी, फिलोडेन्ड्रॉनमध्ये जास्त. पहिल्या आठवड्यात दोनदा नव्या माध्यमावर हलवलं की बहुतेक वेळा भागतं.

८. वाढीच्या फेऱ्या

पाच आठवड्यांत डोळा फुटून दोन-तीन पानं येतात. तो फुटवा जुन्या तुकड्यापासून अलग करून वाढीच्या माध्यमावर ठेवा. दर चार आठवड्यांनी झुबका दोन-तीन फुटव्यांच्या गटांत तोडा. एकेक फुटवा सुटा केला तर वाढ मंदावते.

पानं काचेसारखी, पाणीदार, ठिसूळ दिसली तर बीएपी निम्मं करा, अगार ८ ग्रॅमवर न्या आणि झाकण फार घट्ट आवळू नका. अशी रोपं हार्डनिंगमध्ये जगत नाहीत, म्हणून ती पुढच्या फेरीत घेऊ नका. जास्त बीएपीने आकडा फुगतो, पण फुटवे बारीक, गवतासारखे येतात आणि रोपांत विकृती वाढते. एका डोळ्यापासून आठपेक्षा जास्त फेऱ्या करू नका. मग नवा डोळा. प्रत्येक बाटलीवर मूळ डोळ्याचा क्रमांक, फेरी आणि तारीख लिहा.

९. मुळं

दोन सेंमीपेक्षा उंच फुटवे सुटे करून मुळांच्या माध्यमावर, बाटलीत आठ-दहा. सिंगोनियमला दोन आठवड्यांत मुळं दिसतात, चार आठवड्यांत रोप तयार. लहान फुटवे परत वाढीत टाका. मुळं फार लांब होऊ देऊ नका, काढताना तुटतात.

१०. हार्डनिंग

बाटलीत आर्द्रता जवळपास १०० टक्के असते. त्यामुळे पानांवर मेणाचा थर तयार होत नाही आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. अगारमधल्या मुळांना केसमुळं जवळजवळ नसतात. रोप साखरेवर जगत आलेलं असतं. म्हणजे बाहेर आल्यावर पाणी उडतं जास्त, ओढलं जातं कमी, आणि अन्नही धड बनत नाही. खालची प्रत्येक पायरी या तीन अडचणींवर आहे.

1. एक आठवडा बाटल्या ग्रोथ रूमबाहेर, सावलीत, साध्या खोलीत ठेवा. शेवटचे दोन दिवस झाकण सैल करा.
2. रोप चिमट्याने ओढू नका. बाटलीत पाणी घालून हलवा आणि हळूच ओता. मुळांवरचं अगार साध्या पाण्यात बोटांनी पूर्ण काढा. उरलेल्या अगारात साखर असते, आणि तिच्यावर दोन दिवसांत बुरशी धरते.
3. कार्बेन्डाझिम, लिटरला १ ग्रॅम, ५ मिनिटं.
4. प्रो-ट्रेमध्ये धुतलेलं कोकोपीट तीन भाग, परलाइट एक भाग. कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुतलं नाही तर त्यातल्या मिठाने पानांच्या कडा जळतात.
5. कोकोपीट मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार नको.
6. ७५ टक्के शेडनेटखाली पॉलिटनेल, पहिले दहा दिवस आर्द्रता ८५ ते ९० टक्के. फवारा धुक्यासारखा बारीक, दिवसातून तीन-चार वेळा.
7. अकराव्या दिवसापासून पॉलिथिन संध्याकाळी एक तास उघडा, रोज तासाभराने वाढवा. विसाव्या-बाविसाव्या दिवशी पूर्ण काढा.
8. पंधराव्या दिवसापासून आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत, लिटरला अर्धा ग्रॅम. महिन्यानंतर एक ग्रॅम.

जुलैत पाऊस उघडला की नागपुरात ऊन एकदम तापतं आणि बंद टनेलमध्ये दोन तासांत पारा ३५ च्या वर जातो. टनेलमध्ये तापमापी टांगा. ३२ ओलांडला की पॉलिथिनची टोकं उघडा आणि फवारा वाढवा. जोराच्या पावसाचं पाणी टनेलवर साचणार नाही असा उतारही ठेवा.

> तपासा: सकाळी पानं ताठ आणि दुपारी थोडी सैल, तर ठीक. सकाळीच मान पडलेली असेल तर कोकोपीट तपासा. ओलं असून मान पडली म्हणजे मूळ सडतंय, तेव्हा पाणी बंद करा, वाढवू नका.

११. पिशवीत

पाच-सहा आठवड्यांनी नवी पानं बाटलीतल्या पानांपेक्षा जाड आणि गडद आली की रोपं ४ बाय ६ इंचाच्या पिशवीत न्या: माती, कोकोपीट आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समान भाग, ५० टक्के शेडनेट. नागपूरची काळी माती एकटी वापरू नका, पाणी धरून ठेवते. वाळू किंवा भाताचं तूस मिसळा.

पिशवीत दोन महिने झाल्यावर प्रत्येक रोप पानाच्या आकारावर आणि रंगावर तपासा. वेगळी दिसणारी रोपं काढून बाजूला करा आणि ती कोणत्या डोळ्याची, कितव्या फेरीची ते नोंदवहीत लिहा. एकाच डोळ्याची बरीच रोपं वेगळी निघाली तर त्या डोळ्याच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या टाकून द्या. पुढच्या नोव्हेंबरसाठीचा मदर प्लांट बाटलीतल्या फुटव्यांतून न निवडता, या पिशवीतल्या, जातीशी पूर्ण जुळणाऱ्या रोपांतून निवडा.